श्रिंकेज

सोमवारी उद्यमनगर बंद असतं,
म्हणून बैठक सोमवारी.
भूपालच्या पॅटर्नच्या दुकानात, सागवानी भुशाच्या वासात,
तीन स्टुलं, एक उलटी पेटी,
आणि पुण्याहून केतकी, फोनच्या पडद्यावर,
ग्रीसच्या डब्याला टेकवलेली.

विषय एकच :
आपल्या या फुकट, उघड्या प्रोग्रॅमला
घटना हवी की नको.

अकरा वर्षं झाली.
ओतलेलं लोखंड थंड होताना किती आकसेल
एवढंच सांगणारा हिशेब.
मी लिहिला एका रात्रीत,
भूपालच्या वडिलांची लाकडी पट्टी न विचारता उचलून.
मग नाझिमनं ॲल्युमिनियम घातलं,
केतकीनं पितळ घातलं आणि माझ्या चुका काढल्या.
ब्राझीलच्या एका माणसानं,
ज्याचं नाव आम्हाला अजून नीट घेता येत नाही,
एकेक दशांश तपासला, का ते त्यालाच ठाऊक.

कुणी कुणाला नेमलं नाही.
मिसळीच्या गाड्यावर ठरायचं.
कटाचा दुसरा वाडगा येईपर्यंत
ज्याचा आवाज टिकला त्याचं खरं.
मतदान एकदाच झालं, तांबडा की पांढरा,
तेही बरोबरीत सुटलं.

मग मार्चमध्ये जोतिबाच्या घाटात
माझी गाडी घसरली.
सतरा दिवस सीपीआरला.
किल्ली माझ्या एकट्याच्या डोक्यात,
आणि डोक्याला टाके.
केतकीला एक आकडा चुकलेला सापडला, दुसऱ्याच दिवशी.
दुरुस्ती तयार होती. दार उघडणारं कुणी नव्हतं.
हातकणंगल्याच्या एका फौंड्रीत
चाळीस पंपांच्या बॉड्या दीड मिलिमीटरनं कमी भरल्या,
परत भट्टीत गेल्या.
मालकानं शिवी दिली नाही. विचारलं,
"तुमच्यात जबाबदार कोण?"
"सगळेच," भूपाल म्हणाला.
"म्हंजे कुणीच न्हाई."

केतकीचा मसुदा सात पानी आहे.
पाच जणांची समिती, दोन वर्षांची मुदत,
एका किल्लीला तीन हात.
"तालमीत काय घटना असती व्हय?" भूपाल म्हणतो,
"वस्ताद म्हणंल ते."
"आणि वस्ताद गेल्यावर?" नाझिम विचारतो.
त्याच्या गल्लीत एका तालमीची दोन मंडळं झाली,
दोन गणपती, समोरासमोर दोन डॉल्बी,
आणि जुन्या आखाड्याचं कुलूप कुणाचं
हे अजून कोर्टात.

मी गप्प.
माझे वडील चौदा वर्षं दूध सोसायटीचे सचिव होते.
सभेचं इतिवृत्त सभेच्या आदल्या रात्री लिहायचे,
वळणदार अक्षरात :
सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर.
मी शेजारी बसून शाई सुकवायचो.
कागदावरची चर्चा मला तेव्हापासून माहीत आहे.
तेच सांगणार होतो.

भूपाल मात्र बोलता बोलता
एका व्हॉल्व्हचा लाकडी पॅटर्न हातात फिरवत होता,
सवयीनं कडेवर अंगठा घासत.
पॅटर्न नेहमी मापापेक्षा मोठा.
आकसणं आधीच धरलेलं असतं,
नाहीतर ओतताना सगळं भरून दिसतं
आणि सकाळी फोडल्यावर कमी निघतं.
अकरा वर्षांपूर्वी आम्ही चौघं
किती गरम होतो.

मी म्हणालो, पहिलं कलम मी सांगतो. लिही :
ज्यानं सुरू केलं त्याला काढायचं कसं.

केतकीनं टाइप केलं.
नाझिमनं मान हलवली.
भूपालनं मांडीवरचा भुसा झाडला.
हरकत कुणाचीच नव्हती.
निदान एकजण म्हणेल असं वाटलं होतं,
राहू दे की लेका.

बाकीची सहा पानं पुढच्या सोमवारी.
गाड्यावर गेलो. मी खिशात हात घातला बिलासाठी,
तर नाझिम म्हणतो, "थांब,
ठराव कुठाय?"
सगळे हसले.
मीही हसलो,
जरा उशिरानं.